लॅपटॉपचे चार्जिंग मध्येच का जात होते: अकरा नोंदींची तपासणी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपचे चार्जिंग येऊ-जाऊ लागले. ॲडॉप्टर लावलेला असे, त्यावरचा हिरवा दिवा लागलेला असे, आणि तरीही पडद्याच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा 63 वरून 58, 58 वरून 51 असा उतरत जाई. कधी पिन जरा दाबली की चार्जिंग सुरू होई, तर कधी काहीही न करता आपोआप परत येई. लॅपटॉप गेमिंगचा आहे, चार वर्षांपूर्वी घेतलेला. दिवसा मी त्यावर इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करतो आणि रात्री तासभर भाच्याबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. दोन्ही कामांत ग्राफिक्स कार्डावर भरपूर ताण पडतो, त्यामुळे नुसत्या बॅटरीवर हे यंत्र तासभरही धड चालत नाही. चार्जिंग नाही म्हणजे माझे काम बंद, इतका सरळ हिशेब होता.

पहिल्यांदा मी तो एका दुरुस्ती केंद्रात नेला. तिथल्या मुलाने त्यांचा ॲडॉप्टर लावला, दहा मिनिटे लॅपटॉप चालू ठेवला, त्या दहा मिनिटांत चार्जिंग एकदाही गेले नाही, आणि तरी त्याने निदान सांगितले, “सर, मदरबोर्डचा चार्जिंग सेक्शन गेलाय, बोर्ड बदलावा लागेल.” खर्च 28,000 रुपये. दोष दिसला नसताना तो नेमका कुठे आहे हे कसे ठरवले, असे मी विचारले, तेव्हा “अशा केसमध्ये बहुतेक तेच असतं” असे उत्तर आले. दहा मिनिटांत दोष दिसला नाही, यात त्या मुलाची काहीच चूक नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाचा स्वभावच तसा असतो. पण दोष पाहिलाच नसताना सर्वांत महागडा सुटा भाग बदलायला सांगणे मला पटले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत व्हायची शक्यता होती. वॉरंटी दीड वर्षापूर्वीच संपली होती, म्हणून लॅपटॉप घरी आणून स्वतः तपासायचे ठरवले. वॉरंटी शिल्लक असती, तर मी एक स्क्रूही उघडला नसता, हेही इथे सांगितले पाहिजे.

असा दोष शोधायचा तर आधी तो केव्हा होतो हे कळले पाहिजे. तो पडताळून पाहता येईपर्यंत काहीही बदलू नये, कारण बदलल्यानंतर चार्जिंग दोन दिवस नीट चालले तरी ते बदलल्यामुळे चालले की आपोआप, हे कळायला मार्गच उरत नाही. मी एक साधी वही केली. चार्जिंग गेलेले दिसले की वेळ, बॅटरीची टक्केवारी, त्या वेळी काय चालू होते, ॲडॉप्टरचा दिवा लागलेला होता की नाही, वायर कशी पडली होती आणि चार्जिंग परत कशाने आले, एवढे लिहायचे. चार दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतली एक अशी होती: “मंगळवार, सकाळी 9.40. फक्त ब्राउझर चालू. 72 टक्के. दिवा लागलेला. लॅपटॉप टेबलावर डावीकडे सरकवला आणि गेले. पिन काढून परत घातल्यावर आले.” दुसरी: “मंगळवार, रात्री 10.15. गेम चालू. 88 टक्के. दिवा लागलेला. कशालाही हात लावला नव्हता. सहा मिनिटांनी आपोआप आले.”

या नोंदींमुळे पहिली काही कारणे पटकन बाजूला पडली. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय हल्ली बहुतेक कंपन्या देतात आणि ती सोय चालू असल्याचे विसरून अनेक जण घाबरतात. पण माझे चार्जिंग 51 टक्क्यांवरही जात होते. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर गेली की लॅपटॉप तिचे चार्जिंग मुद्दाम थांबवतो, आणि गेम खेळताना ती तितकी तापणे सहज शक्य असते. पण सकाळी थंड लॅपटॉपवरही हेच घडत होते. गेमचा ताण ॲडॉप्टरच्या ताकदीपलीकडे गेला तर उरलेली गरज बॅटरी भागवते आणि ॲडॉप्टर लावलेला असूनही आकडा हळूहळू उतरतो. कित्येक गेमिंग लॅपटॉपांची रचनाच अशी असते आणि तो बिघाड नव्हे. मात्र नुसता ब्राउझर चालू असताना तसे होण्याचे कारण नाही.

दिव्याची नोंदही महत्त्वाची ठरली. चार्जिंग जाताना ॲडॉप्टरचा दिवाच विझत असता, तर संशय भिंतीवरच्या सॉकेटवर, सैल झालेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा ॲडॉप्टरमध्ये घुसणाऱ्या मेन कॉर्डवर गेला असता. लॅपटॉपमधून पिन काढल्यावर मिनिटभराने दिवा परत लागला असता, तर कुठेतरी शॉर्ट होऊन ॲडॉप्टरने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडली, असे समजता आले असते. माझा दिवा एकदाही विझला नाही. म्हणजे ॲडॉप्टरपर्यंत वीज नीट येत होती.

या प्रश्नावर सर्वत्र दिले जाणारे दोन सल्लेही मी करून पाहिले. एक म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टचा एसीपीआय बॅटरीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बॅटरीशी बोलू देणारी छोटी प्रणाली, काढून टाकणे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करणे. त्याने काहीही फरक पडला नाही. दुसरा म्हणजे लॅपटॉप बंद करून, ॲडॉप्टर काढून, पॉवरचे बटन तीस सेकंद दाबून धरणे. हे केल्यावर चार्जिंग अर्धा दिवस उत्तम चालले आणि मी त्याला उपाय समजून बसलो होतो. पण वही चाळताना लक्षात आले की त्या खटाटोपात मी पिन काढून पुन्हा घातली होती, आणि पिन काढून घातल्यावर चार्जिंग परत आल्याच्या चार नोंदी त्याआधीच्याच होत्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती.

यानंतर विंडोजच्या स्वतःच्या नोंदी पाहिल्या. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवर या नावाखाली 105 क्रमांकाची नोंद असते. वीज ॲडॉप्टरवरून बॅटरीवर किंवा बॅटरीवरून ॲडॉप्टरवर गेली की ती सेकंदासह लिहिली जाते, त्यामुळे एकदा वीज जाऊन परत आली की दोन नोंदी सापडतात. माझ्या वहीतल्या अकरा वेळा या लॉगशी ताडून पाहिल्या, तर फक्त चार जुळल्या. उरलेल्या सात वेळी विंडोजच्या मते ॲडॉप्टर व्यवस्थित लावलेला होता, फक्त चार्जिंग होत नव्हते. बॅटरीच्या चिन्हावरही त्या वेळी “प्लग्ड इन” असेच लिहिलेले असे.

चार आणि सात. मी दोन दिवस याच आकड्यांवर अडकलो होतो. वायर नुसती सैल असेल तर अकराच्या अकरा वेळा वीज पूर्ण तुटायला हवी होती. बॅटरी किंवा चार्जिंगचे सर्किट बिघडलेले असेल तर एकदाही तुटायला नको होती. दोन्ही प्रकार एकाच यंत्रात दिसण्याचे कारण शेवटी पिनेच्या रचनेत सापडले.

माझ्या ॲडॉप्टरची पिन गोल आहे. तिचा बाहेरचा धातूचा भाग म्हणजे ऋण, आतल्या नळीचा पृष्ठभाग म्हणजे धन, आणि नळीच्या मधोमध शिवणाच्या सुईएवढा एक काटा असतो. लॅपटॉप चालवणारी वीज या काट्यातून जात नाही. काही कंपन्यांच्या ॲडॉप्टरमध्ये एक बारीक चिप बसवलेली असते आणि ती या काट्यातून लॅपटॉपला सांगते, की मी अमुक वॅटचा, आपल्याच कंपनीचा ॲडॉप्टर आहे. हा निरोप पोहोचला नाही, तर समोर 180 वॅटचा ॲडॉप्टर आहे की 65 वॅटचा, हे लॅपटॉपला कळत नाही. मग तो सावध राहतो: मिळेल त्या विजेवर स्वतः चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. माझ्या यंत्रात तो 0.8 गिगाहर्ट्झपर्यंत उतरत असे. भाचा पंधरा दिवस मला सांगत होता, “मामा, तुझी गाडी मध्येच हवेत थांबते,” आणि मी इंटरनेटच्या वेगाला दोष देत होतो. तो बिचारा चार्जिंगचाच दोष सांगत होता, हे मला आत्ता कळले.

पडताळा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी येणाऱ्या मूलभूत सेटिंगच्या पडद्यावर, मिळाला. लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये गेले की माझ्या यंत्रात ॲडॉप्टरची माहिती दाखवणारी एक ओळ येते. सगळे नीट असताना तिथे 180 वॅट दिसले. पिन हाताने किंचित वर उचलून धरून पुन्हा सुरू केले, तर तिथे “ॲडॉप्टर ओळखता आला नाही” अशा अर्थाची ओळ आली. हे मी सलग पाच वेळा करून पाहिले आणि पाचही वेळा तसेच झाले. दोष आता माझ्या इच्छेने येत होता आणि माझ्या इच्छेने जात होता. तपासणीतला सर्वांत आनंदाचा क्षण माझ्यासाठी तोच होता.

सात वेळा काट्याचा निरोप तुटत होता आणि चार वेळा मुख्य वीजच तुटत होती, एवढे स्पष्ट झाले. पण कुठे? पिनेकडच्या वायरीत, की लॅपटॉपच्या जॅकमध्ये, म्हणजे पिन जिथे घुसते त्या खाचेत?

इथे मल्टिमीटरबद्दल थोडे लिहितो, कारण त्याच्यावर लोकांचा जरा जास्तच भरवसा असतो. पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात मोजले तर माझ्या ॲडॉप्टरने 19.5 व्होल्ट दाखवले. मोजताना मीटरच्या एकाच टोकाचा आत-बाहेर एकदम स्पर्श झाला तर शॉर्ट होतो, म्हणून हात स्थिर हवा. पण हे 19.5 व्होल्ट म्हणजे ॲडॉप्टर निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. मीटर विजेचा जवळजवळ काहीच भार घेत नाही. वायरीचे बहुतेक धागे तुटून एखादा उरला असेल तरी आकडा पूर्ण दिसतो. खरी परीक्षा भाराखाली होते. माझा ॲडॉप्टर पूर्ण ताणात 9.23 ॲम्पिअर देतो. जोडाच्या ठिकाणी फक्त 0.1 ओहम अडथळा तयार झाला, तर तिथेच सुमारे 0.9 व्होल्ट खर्च होतात आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाला अडथळ्याने गुणले की साधारण साडेआठ वॅट उष्णता त्या इवल्याशा जागेत साठते. घरगुती सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटची असते; तिच्या एक तृतीयांश उष्णता जॅकच्या प्लास्टिकमध्ये, तासन्तास. साध्या लॅपटॉपचा ॲडॉप्टर तीन-साडेतीन ॲम्पिअरचा असतो, म्हणून त्याचा सैल जोड वर्षानुवर्षे खपून जातो. गेमिंग लॅपटॉपमध्ये तोच सैलपणा स्वतःला जाळत जातो, आणि जळालेला जोड आणखी सैल होतो. म्हणून पिन काढल्यावर ती बोटाला चटका देत असेल तर त्याच दिवशी लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. माझी पिन चटका देत होती आणि मी ते महिनाभर उन्हाळ्याच्या खात्यावर टाकले होते.

आता अदलाबदल. भाच्याकडे त्याच कंपनीचा, त्याच वॅटचा लॅपटॉप आहे. माझा ॲडॉप्टर त्याच्या लॅपटॉपला लावून आम्ही दोन तास गेम चालवला, मध्ये मध्ये वायर हलवली, चार्जिंग एकदाही गेले नाही. त्याचा ॲडॉप्टर माझ्या लॅपटॉपला लावला, तर वीस मिनिटांत गेले. ही चाचणी अर्धीच केली तर फसवते. दोन्ही बाजूंनी केली म्हणून दोष माझ्या लॅपटॉपच्या बाजूला आहे असे म्हणता आले. त्याच कंपनीचा नसलेला किंवा बाजारात मिळणारा स्वस्तातला नकली ॲडॉप्टर लावून ही चाचणी करण्यात अर्थ नव्हता, कारण त्यात ती ओळख सांगणारी चिप नसण्याची शक्यता असते आणि मग चांगला लॅपटॉपही चार्जिंग नाकारतो.

आणखी एक पुरावा घरातच होता. माझ्या लॅपटॉपला टाइप-सी वाटेही 100 वॅटपर्यंत चार्जिंग घेता येते. त्या वाटेने दोन दिवस चार्जिंग केले आणि ते एकदाही तुटले नाही. गेम चालवताना 100 वॅट पुरत नाहीत, ते वेगळे. पण बॅटरी भरत होती. गोल पिनेची वाट आणि टाइप-सीची वाट बोर्डावर पुढे एकाच चार्जिंग सर्किटला मिळतात. एका वाटेने सर्व सुरळीत चालत असेल, तर बॅटरी आणि चार्जिंगचे सर्किट दोन्ही ठीक आहेत, आणि दोष त्या दोन वाटा एकत्र येण्याच्या आधी आहे. 28,000 रुपयांच्या निदानावरचा माझा अविश्वास इथे खात्रीत बदलला.

जॅकच्या आत टॉर्च मारून पाहिले, तर कचरा नव्हता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक काडीने आतले संपर्क पुसले. काडी काळपट-हिरवी झाली. पावसाळ्याच्या दमट हवेत पितळेचे संपर्क असे काळवंडतात, आणि कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर हे अधिक भोगावे लागते. पुसल्यानंतर तीन दिवस चार्जिंग अखंड चालले आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेले. आता उघडणे भाग होते.

उघडण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. तो डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आलेला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते, आणि अशा वेळी स्वतः काहीही करू नये. माझा सपाट होता. लॅपटॉप पूर्ण बंद केला, मागचे झाकण काढले आणि सगळ्यांत आधी बॅटरीची पट्टी बोर्डावरून सोडवली. ती जोडलेली असताना आत स्क्रूड्रायव्हर फिरवणे म्हणजे चांगला बोर्ड जाळण्याची तयारी.

माझ्या नशिबाने या यंत्रात जॅक बोर्डावर झाळलेला नाही. तो डाव्या कडेला पत्र्याच्या एका पट्टीखाली दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि त्यातून बोटभर लांबीचा वायरींचा झुपका निघून बोर्डाच्या सॉकेटमध्ये जातो: तीन तांबड्या, तीन काळ्या आणि एक बारीक पांढरी. दोन स्क्रूंपैकी एक निसटून खाली पंख्याजवळ पडला होता. त्यामुळे पिन घातली की सगळा जॅक अर्धा मिलिमीटर मागे सरकत होता आणि काढली की पुढे येत होता. चार वर्षे रोज दोनदा. बाहेर काढून भिंगाखाली धरला, तेव्हा मधल्या काट्याला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या दोन पात्यांपैकी एक बाहेरच्या बाजूला वाकून मेलेली दिसली. पिन घातल्यावर तिचा स्पर्श होत असेल-नसेल, अशी तिची अवस्था. धन संपर्काभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते. आणि ती बारीक पांढरी वायर जॅकमधून जिथे बाहेर पडते, तिथे तिचे आवरण फाटून आतले तांबे उघडे पडले होते. सात आणि चार यांचा उलगडा माझ्या तळहातावर होता.

तो जॅक घेऊन मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारात, गेलो. पहिल्या दोन दुकानांत मॉडेलचे नाव सांगितले आणि नकार मिळाला. तिसऱ्या दुकानातल्या वयस्क गृहस्थांनी जुना जॅक हातात घेतला, वायरींवरच्या लेबलावरचा बारीक क्रमांक चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “साहेब, मॉडेल सांगू नका कधी. एकाच मॉडेलात दोन तऱ्हेचे जॅक येतात, वायर आखूड-लांब असते. जुना पार्ट आणा, नंबर जुळवून देतो.” त्यांनी ज्या हळुवारपणे ती वाकलेली पाती नखाने उचलून पाहिली, तसे दुरुस्ती केंद्रात कुणी पाहिले असते तर मला इतके दिवस खर्च करावे लागले नसते. “ॲडॉप्टर टेबलावरून लोंबकळतो का तुमचा?” त्यांनी विचारले. लोंबकळत होता. त्या ठोकळ्याचे वजन पिनेवर पडून पाती एकाच बाजूला वाकते, हे त्यांनी न पाहता ओळखले. जॅकचे 350 रुपये झाले.

बसवायला वीस मिनिटे लागली. दोन्ही स्क्रू घट्ट केले, वायरी जुन्याच खोबणीतून नेल्या, बॅटरी जोडली, झाकण लावले. ॲडॉप्टरसाठी टेबलाच्या मागे एक छोटी फळी ठोकली आणि वायरीला पिनेपासून हातभर अंतरावर एक सैल वळण दिले, म्हणजे ओढ पिनेपर्यंत पोहोचत नाही. ज्यांचा जॅक थेट बोर्डावर झाळलेला आहे, त्यांनी मात्र हे घरी करू नये. बोर्डाचे अनेक थर असतात आणि कमी-जास्त उष्णतेने ते उखडतात. तिथे चांगला कारागीरच हवा, पण त्यालाही बोर्ड नव्हे, जॅक बदलायला सांगावे.

त्याच रात्री बायॉसमध्ये पाच वेळा पिन उचलून, दाबून, बाजूला ढकलून पाहिली. पाचही वेळा 180 वॅट. अडीच तास गेम चालवल्यावर पिन काढली, तर ती कोमट होती. विंडोजच्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवालही काढला, कारण इतक्या तुटक चार्जिंगने बॅटरीचे काही बिघडले असेल अशी धास्ती होती. मूळ क्षमतेच्या 81 टक्के क्षमता शिल्लक निघाली, चार वर्षांच्या बॅटरीला ती चांगलीच म्हणायची.

आज या गोष्टीला तीन आठवडे झाले. काल रात्री 105 क्रमांकाच्या सगळ्या नोंदी पुन्हा काढून वहीशी ताडल्या. प्रत्येक जोडी मी स्वतः पिन काढल्याच्या वेळेशी जुळते, फक्त एक सोडून. ती गुरुवारी सकाळची आहे, आणि त्या दिवशी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद होती.